बोटासाठी मोडलेले मेज

एखाद्या सुताराच्या हातातला रंधा काढून घ्यावा, त्या जागी गुळगुळीत, रंगीत, गोल कडांची एक वस्तू ठेवावी आणि म्हणावे, “ही अधिक सोपी आहे, लहान मुलालाही वापरता येते.” सुतार काय उत्तर देईल हे कळायला संशोधन लागत नाही. तो म्हणेल, लहान मुलाला वापरता येते हे उत्तम. पण मला फळी तासायची आहे. गेल्या दीड दशकात मेजावरच्या संगणकाचे जे झाले ते या प्रकाराहून फारसे निराळे नाही. हातात धरून बोटाने चालवायच्या पाटीसाठी, म्हणजे फोन आणि टॅब्लेट यांच्यासाठी, जी मांडणी योजली गेली ती उचलून कळफलक व माउस असलेल्या, हातभर अंतरावर उभ्या असलेल्या पडद्यावर चिकटवण्यात आली. आणि ज्यांनी हरकत घेतली त्यांना ‘जुन्या वळणाचे’ ठरवून मोकळे करण्यात आले.

आम्ही मराठीचे अध्यापक. संगणकशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. पण लिहिणे, वाचणे, दोन पाठ शेजारी ठेवून ताडून पाहणे, टिपणे काढणे, प्रबंध तपासणे हा आमचा प्रांत आहे आणि ही सारी कामे आता त्या पडद्यावर होतात. ज्या मेजाशी आपण बसतो त्याचे पाय कोणी कापत असेल, तर त्याविषयी बोलण्यासाठी सुतारकामाची पदवी असावी लागत नाही. आमचे म्हणणे थोडक्यात असे: स्पर्शाची मांडणी मुळात वाईट नाही. ती चुकीच्या जागी आणली गेली. आणताना लिहिणाऱ्याचा विचार झाला नाही. आणि मराठीच्या शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी या गोष्टीकडे ‘तांत्रिक बाब’ म्हणून काणाडोळा करणे परवडणारे नाही.

१

आधी वस्तुस्थिती पाहू. २४ ऑगस्ट १९९५ रोजी ‘विंडोज ९५’ आली आणि तिच्यासोबत पडद्याच्या डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात ‘स्टार्ट’ हे बटन आले. पुढची सतरा वर्षे ते त्याच कोपऱ्यात होते. शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत, सरकारी कचेऱ्यांत, डीटीपीच्या दुकानांत आपल्याकडची माणसे संगणक शिकली ती त्या कोपऱ्याला धरून. २६ ऑक्टोबर २०१२ रोजी ‘विंडोज ८’ बाजारात आली आणि तो कोपरा रिकामा झाला. संगणक सुरू केला की समोर येई तो पडदाभर पसरलेल्या रंगीत फरश्यांचा पट. बटन नाहीसे झाले होते. कोपऱ्यात कर्सर नेला तर काहीतरी उगवे, उजव्या कोपऱ्यात नेला तर पाच चिन्हांची एक पट्टी सरकत येई. संगणक बंद करायचा असेल तर आधी ती पट्टी बोलवायची, तीत ‘सेटिंग्ज’ शोधायचे आणि त्याच्या पोटात ‘पॉवर’. एकाच यंत्रात इंटरनेट एक्सप्लोररचे दोन अवतार होते, एक फरश्यांच्या जगातला व एक जुन्या डेस्कटॉपवरचा. नियंत्रणांची पानेही अशीच दोन ठिकाणी विभागलेली होती.

नव्या धाटणीची अॅप्स पडदा संपूर्ण व्यापत. शेजारी दुसरे अॅप ठेवायचेच असेल तर दोहोंपैकी एकाला ३२० पिक्सेलची चिंचोळी गल्ली मिळे, आणि तीही पडदा किमान १३६६ पिक्सेल रुंद असेल तर. १०२४ पिक्सेल रुंदीच्या जुन्या चौकोनी पडद्यांवर एवढीही सोय नव्हती. प्रणालीचे नाव ‘खिडक्या’ आणि खिडकी मात्र एकच! नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, ही म्हण जणू त्या दिवसासाठीच जपून ठेवलेली होती. जुना डेस्कटॉप फरश्यांच्या मागे शिल्लक होता आणि त्यावर खिडक्या पूर्वीसारख्या उघडत, हे मान्य. पण ज्या घरात आपण राहतो त्याचा दर्शनी दरवाजा बुजवून “मागच्या गल्लीतून या, आत सगळे तसेच आहे” असे सांगणाऱ्याला आपण घरबांधणीतला द्रष्टा म्हणत नाही.

वापरसुलभतेचे ज्येष्ठ अभ्यासक जेकब नील्सन यांनी संगणकाचा चांगला सराव असलेल्या १२ जणांना ही प्रणाली वापरायला देऊन नोव्हेंबर २०१२ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. नवखे आणि मुरलेले, दोघांच्याही दृष्टीने ती निराशाजनक ठरते, असा त्यांचा निर्वाळा होता. पुढचा इतिहास हा क्रमाक्रमाने घेतलेल्या माघारीचा आहे. १७ ऑक्टोबर २०१३ रोजी ८.१ या आवृत्तीत बटन परत आले, पण ते दाबले की पुन्हा फरश्याच. एप्रिल २०१४ च्या सुधारणेत फरश्यांच्या पडद्यावर संगणक बंद करण्याचे बटन दिसू लागले, आणि स्पर्शपटल नसलेली यंत्रे थेट डेस्कटॉपवर उघडू लागली. २९ जुलै २०१५ रोजी ‘विंडोज १०’मध्ये मेनू परतला आणि टॅब्लेटची मांडणी वेगळी, हवी तेव्हा लावण्याजोगी केली गेली. जे पहिल्या दिवशी करता आले असते त्याला पावणेतीन वर्षे लागली.

हा एकाच कंपनीचा अविचार असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. परंतु ती त्या काळाची साथच होती. एप्रिल २०११ मध्ये लिनक्सच्या जगात ‘नोम ३’ आले आणि खिडकी खाली सारण्याचे व मोठी करण्याचे बटन मूळ मांडणीतून काढून टाकण्यात आले. त्याच महिन्यात उबुंटूने ‘युनिटी’ ही आपली मांडणी डेस्कटॉपवर मुख्य केली. फोनपासून मेजापर्यंत एकच रूप, हे तिचे पुढचे स्वप्न होते. जुलै २०११ मध्ये अॅपलच्या ‘लायन’ने पडद्याच्या कडेची सरकपट्टी लपवली आणि मजकूर सरकवण्याची दिशा फोनप्रमाणे उलटी केली. लिनक्सचे जनक लिनस तोरवाल्ड्स यांनी २०११ मध्ये ‘नोम ३’ला जाहीर रामराम ठोकून ‘एक्सएफसीई’ ही साधी मांडणी धरली. जुन्या ‘नोम २’ची संहिता घेऊन काहींनी ‘माते’ नावाचा वेगळा संसार थाटला. आणि ५ एप्रिल २०१७ रोजी उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी फोन व ‘सर्वत्र एकच रूप’ हा प्रकल्प गुंडाळत असल्याचे जाहीर केले.

इतके होऊनही धडा घेतला गेला असे म्हणवत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या ‘विंडोज ११’ने उजव्या कळीचा मेनू आखडला आणि नित्याच्या आज्ञा ‘आणखी पर्याय दाखवा’ या ओळीमागे ढकलल्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये मॅकच्या ‘व्हेंचुरा’ आवृत्तीत सेटिंग्जचे पान आयफोनच्या लांबलचक यादीच्या धर्तीवर बेतले गेले. वास्तविक ज्या यंत्रांसाठी ती आवृत्ती होती त्यांच्या पडद्याला बोटाचा स्पर्श कळतही नव्हता. संकेतस्थळांविषयी तर बोलायलाच नको. हातभर रुंद पडद्यावर सगळे दुवे तीन आडव्या रेघांच्या मागे लपवलेले असतात आणि दोन्ही बाजूंस ओसाड पांढरे माळरान. जागा नाही म्हणून फोनवर जे लपवावे लागले, ते जागा असताना लपवण्याला आता ‘स्वच्छ रचना’ म्हणतात.

२

उभ्या पडद्याशी बोटाचे जमत नाही, हे ज्ञान नवे असते तर चूक क्षम्य होती. पण ते सहा दशके जुने आहे. १९६३ मध्ये आयव्हन सदरलंड यांनी एमआयटीत ‘स्केचपॅड’ दाखवले तेव्हा पडद्यावर प्रकाशलेखणी टेकवून रेघा काढता येत होत्या. साधन अद्भुत होते. पण समोरच्या उभ्या पृष्ठाकडे हात उचलून धरायचा तर तो काही मिनिटांत भरून येतो. पुढे या व्याधीला ‘गोरिलाचा हात’ असे नावच पडले. फळ्यावर सलग तास घेतलेल्या कोणत्याही शिक्षकाला ती समजावून सांगण्याची गरज नाही.

१९६७ मध्ये इंग्लिश, एंगलबार्ट आणि बर्मन या तिघांनी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत केलेल्या प्रयोगांचा निबंध प्रसिद्ध केला. आमच्या दृष्टीने त्याचे मोल असे की प्रयोगाचा विषय होता पडद्यावरच्या मजकुराची निवड, म्हणजे आपलेच काम. जॉयस्टिक, प्रकाशलेखणी, माउस, एवढेच नव्हे तर गुडघ्याने हलवायचे एक साधनही त्यांनी तपासले. त्यांचा निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. कोणते साधन निवडावे हे केवळ वेगावर वा अचूकतेवर ठरत नाही. त्या हाताला आणखी कोणकोणती कामे करायची आहेत, साधनापर्यंत हात किती सहज पोहोचतो, आणि त्या बैठकीत शरीर किती थकते, यांवर ते अधिक ठरते. या तीन कसोट्यांवर मेजावरचा स्पर्श घासून पाहावा. लिहिणाऱ्याचा हात कळफलकावर असतो, पडदा दूर असतो, आणि हात अधांतरी ठेवावा लागतो. तिन्ही कसोट्यांवर नापास. स्टीव्ह जॉब्ज यांनीही ऑक्टोबर २०१० मध्ये जाहीर कार्यक्रमात सांगितले होते की स्पर्शाचे पृष्ठ उभे असून चालत नाही, हात गळून पडतो. तोच कार्यक्रम ‘लायन’च्या घोषणेचाही होता, हा त्यातला विनोद.

यावर कोणी म्हणेल, बोटाने चालवा असा आग्रह कोणी धरला आहे? माउस आहेच की! येथेच खरी मेख आहे. बहुतेक मेजांवर स्पर्शपटल नाहीच; आहे ती स्पर्शासाठी केलेली मांडणी. बोट जाड असते, म्हणून बटने मोठी आणि विरळ करावी लागतात. अॅपलने आयफोनसाठी ४४ पॉइंटांचे तर गूगलने अँड्रॉइडसाठी ४८ एककांचे किमान माप सुचवले, ते योग्यच आहे. पण कर्सरचे टोक सुईसारखे. त्याच्यासाठी बटने फुगवली की त्याच पडद्यावर पूर्वी बसत त्याहून कमी गोष्टी बसतात, उरलेल्या एकेका पायरीमागे जातात, आणि हाताचा प्रवास वाढतो. लक्ष्य गाठायला लागणारा वेळ लक्ष्याच्या आकारावर जसा अवलंबून असतो तसा त्याच्या अंतरावरही, हे पॉल फिट्स यांनी १९५४ मध्येच मांडून ठेवले आहे. दुसरे असे की बोट एकतर टेकते किंवा टेकत नाही. घुटमळणे त्याला ठाऊक नाही. माउसचा बाण एखाद्या चिन्हावर क्षणभर थांबला तर त्याचा अर्थ सांगणारी ओळ उमटते. वाचकाला मिळालेली ती तळटीपच. बोटासाठी केलेल्या मांडणीत तळटीपेला जागा नाही. चिन्हाचा अर्थ कळत नसेल तर दाबून पाहा, आणि जे होईल ते भोगा.

३

मराठीत अक्षराला ‘वळण’ असते. कित्ता गिरवून गिरवून ते हातात उतरते. एकदा उतरले की लिहिणारा अक्षराचा विचार करीत नाही, वाक्याचा करतो. साधन हातवळणी पडणे याचा अर्थ ते जाणिवेतून नाहीसे होणे. इन्स्क्रिप्ट कळफलक शिकलेल्यांना हे पटेल. डाव्या हाताकडे स्वर, उजव्या हाताकडे व्यंजने, ही त्याची शिस्त आरंभी जाचते. काही आठवड्यांनी ‘तऱ्हा’ लिहिताना ‘ऱ’ कोठे आहे हे डोक्याला माहीत नसते, बोटाला असते. जी गोष्ट कळफलकाची तीच मेनूची, कोपऱ्याची, खिडकीच्या पट्टीची. या जागा हलवणे म्हणजे केवळ सजावट बदलणे नव्हे. जो माणूस वाक्याच्या मध्यावर होता त्याला पुन्हा कित्त्यापाशी आणून बसवणे होय.

आता अभ्यासकाचे मेज पाहा. तुकारामाच्या गाथेच्या दोन आवृत्तींतले पाठभेद पाहायचे आहेत असे समजा. दोन आवृत्ती शेजारी हव्यात. तिसरीकडे शब्दकोश, चौथीकडे आपले टिपण. लाकडी मेजावर हे सहज होते. पुस्तके उघडी पसरली की झाले. संगणकाच्या खिडक्या ही कल्पना या पसाऱ्याचीच नक्कल होती, आणि म्हणून ती आपल्याला इतकी मानवली. पडदाभर एकच गोष्ट दाखवणारी मांडणी हा पसारा नाकारते. एक पान पाहा, ते मिटा, दुसरे उघडा, पहिले स्मरणात ठेवा. तुलना ही डोळ्यांनी करायची क्रिया असते. तिला स्मरणशक्तीची परीक्षा करून टाकले की तुलना संपते आणि मते उरतात. समीक्षा पातळ होत चालल्याची तक्रार आपण चर्चासत्रांतून करतो. तिची कारणे अनेक आहेत. पण दोन मजकूर एकाच वेळी डोळ्यांपुढे ठेवण्याची सवय मोडणे हे त्यांपैकी एक नाही, असे छातीठोकपणे कोणी म्हणू शकेल काय?

सरकपट्टीची गोष्ट याहून लहान वाटेल, पण ती तितकीच बोलकी आहे. पुस्तक वाचताना डाव्या हातातली जाडी वाढत जाते आणि उजव्या हातातली कमी होत जाते. किती वाचले, किती उरले, तो उतारा साधारण कोठे होता, हे हाताला ठाऊक असते. पडद्याच्या कडेची पट्टी हे काम डोळ्यांकडून करवून घेत असे: तिची लांबी म्हणजे ग्रंथाचा विस्तार, तिची जागा म्हणजे आपला मुक्काम. फोनच्या अरुंद पडद्यावर ती लपवण्यास निमित्त होते. मेजावर ती लपवून कोणती जमीन वाचली? वाचकाच्या हातातले पुस्तक तेवढे बिनजाडीचे झाले. ज्याला आदी नाही, अंत नाही, केवळ पुढे सरकणे आहे असे.

आणि दुरुस्ती? मराठीच्या शिक्षकाचे अर्धे आयुष्य वेलांट्यांत जाते. ‘कवि’ या जुन्या लेखनाचे ‘कवी’ करायचे तर कर्सर नेमका त्या अक्षरामागे नेऊन एक वेलांटी पुसून दुसरी घालावी लागते. देवनागरीत अक्षर हे मात्रा, रफार, अनुस्वार यांचे उभे बांधकाम असते; वर, खाली, मागे, पुढे सगळीकडे चिन्हे. अशा मजकुरात बोटाचे टोक जेथे टेकते तेथला शब्दच त्याखाली झाकला जातो. रोमन लिपीपेक्षा आपल्या लिपीला सुईच्या टोकाची गरज अधिक आहे, हे आमचे सांगणे कोणाला भाबडे वाटले तर त्याने शंभर पानी प्रबंधाचे मुद्रितशोधन बोटाने करून पाहावे.

४

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि सर्वांत आवडता आक्षेप: “तुम्हाला बदल नको आहे.” हा युक्तिवाद नव्हे, हे वयाचे प्रमाणपत्र आहे. आम्ही टंकलेखनयंत्र सोडून संगणक धरला, जुन्या टंकांच्या गोंधळातून युनिकोडकडे आलो, आणि दोन्ही वेळा कुरकुर केली असली तरी का यायचे ते आम्हाला समजले होते. मजकूर एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेताना त्याचा भुगा होऊ नये, हे युनिकोडचे कारण होते. फरश्यांचे कारण काय? एप्रिल २०१० मध्ये आयपॅड विकला जाऊ लागला आणि आपण मागे पडू ही धास्ती बड्या कंपन्यांना बसली. मेजावर बसणाऱ्या कोट्यवधींना फरश्यांची सवय लागली की टॅब्लेटसाठी गिऱ्हाईक आणि अॅप-दुकानासाठी माल लिहिणारे आपोआप मिळतील, असा तो हिशेब आम्हाला दिसतो. तो व्यापारी हिशेब असेल तर असो. पण त्याची किंमत ज्याच्याकडून वसूल झाली त्यालाच प्रतिगामी म्हणणे हे फार झाले.

दुसरा आक्षेप अधिक सन्मान्य आहे. स्पर्शपटलाने संगणक सामान्य माणसाच्या हाती दिला. ज्यांनी कधी कळफलक पाहिला नव्हता ती माणसे आज फोनवर मराठीत लिहितात. हे सोळा आणे खरे आहे आणि आम्ही त्याचे मनापासून स्वागत करतो. ज्यांचे हात माउस धरू शकत नाहीत अशा अनेकांना स्पर्शाने दार उघडून दिले, हेही खरे. परंतु एका दाराचे स्वागत करण्यासाठी दुसरे बुजवावे लागत नाही. सायकल आली म्हणून बैलगाडीला हँडल बसवा, असे कोणी म्हटले नाही. फोनवर जे उत्तम आहे ते फोनवर उत्तम आहे. या वाक्यातून मेजाविषयी काहीच निष्पन्न होत नाही.

तिसरा आक्षेप: जुनी मांडणी परत आणणारी साधने मिळतात, कळफलकाच्या जोडकळा आहेत, शिकून घ्या. साधने होती, हे खरे. ‘क्लासिक शेल’ नावाच्या मोफत साधनाने त्या काळात असंख्यांचा जीव वाचवला, आणि २०१७ च्या अखेरीस त्याचे काम थांबले. म्हणजे मोडलेली वस्तू विकत घ्यायची, आणि कोणा परोपकारी माणसाने फावल्या वेळात ती दुरुस्त करून देईपर्यंत वाट पाहायची. शिवाय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतल्या संगणकावर विद्यार्थ्याला स्वतःचे साधन बसवण्याची परवानगी बहुधा नसतेच. ज्याच्या घरी स्वतःचे यंत्र आहे तो वाट काढतो. ज्याला आठवड्यातून एक तास मिळतो तो काय करील?

५

हा शेवटचा प्रश्नच आम्हाला सर्वांत गंभीर वाटतो. आमच्या वर्गांतल्या पुष्कळ विद्यार्थ्यांचा पहिला संगणक फोन हाच आहे. ते त्यावर वाचतात, उत्तरे लिहितात, क्वचित लघुप्रबंधाची प्रकरणेही लिहितात. त्यांच्या जिद्दीला आम्ही कमी लेखत नाही. पण रुंद पडदा, खरा कळफलक आणि चार खिडक्या यांनी काय करता येते, हे त्यांना कळण्याची जागा एकच: महाविद्यालयाची प्रयोगशाळा. तेथे त्यांच्यासमोर फोनचेच वाढवलेले चित्र ठेवले तर मेज म्हणजे काय हे त्यांना कधीच कळणार नाही. जे कधी पाहिलेच नाही ते हरवल्याची खंतही वाटत नसते. फोनची मांडणी प्रामुख्याने पुढ्यात येईल ते घेणाऱ्यासाठी असते. मेजाची मांडणी काही घडवणाऱ्यासाठी. साऱ्या पडद्यांवर पहिलीच राहिली, तर वाचक आणि लेखक यांच्यातला जिना कोणी काढून नेला हे उद्या विचारूनही उत्तर मिळणार नाही.

या संदर्भात आपल्याच घरातले एक उदाहरण ताडून पाहावे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले. १९७२ मध्ये आणखी चार जोडले गेले. या अठरा नियमांविषयी आजही मतभेद आहेत आणि ते असावेत. पण तो बदल कसा झाला ते पाहा. आधी दीर्घकाळ वाद झाला, नियम छापून लोकांपुढे आले, कोणते का बदलले याची चर्चा करता आली. आणि नियम बदलले म्हणून कोणाच्या कपाटातली जुनी पुस्तके एका रात्रीत नव्या लेखनात छापून निघाली नाहीत. ज्याला ‘कवि’ लिहायचे होते त्याच्या हातातली लेखणी कोणी हिसकावली नाही. रोजच्या कामाची दृश्य भाषा ज्या मांडणीत बोलली जाते तिचे व्याकरण मात्र रात्री उतरणाऱ्या एका अद्ययावतीने बदलते. सकाळी बसावे तर क्रियापद दुसरीकडे. हरकत नोंदवायची कोठे, ते सांगणारी खिडकीही बहुधा नव्या जागी हलवलेली असते. भाषेच्या बाबतीत जी मनमानी आपण एक दिवस सहन करणार नाही, ती मांडणीच्या बाबतीत निमूट सोसतो, कारण तिला आपण भाषा समजतच नाही.

६

मग करायचे काय? खेद व्यक्त करून मोकळे होण्यात अर्थ नाही. काही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

पहिली, विद्यापीठे व महाविद्यालये संगणकांची खरेदी करतात तेव्हा भाषा-विभागांनी तोंड उघडावे. पडद्याची रुंदी, खऱ्या कळा, आणि खिडक्या हव्या तशा मांडता येणारी प्रणाली या आपल्या कामाच्या अटी आहेत. त्या लेखी द्याव्यात. लिनक्सवर ‘माते’, ‘एक्सएफसीई’ यांसारख्या मांडण्या विनामूल्य उपलब्ध आहेत आणि जुन्या यंत्रांवरही चालतात, हे त्या पत्रात जरूर लिहावे. दुसरी, एम.ए.च्या संशोधनपद्धतीच्या पत्रिकेत दोन पाठ शेजारी ठेवून ताडणे, टिपणांची सूची करणे, इन्स्क्रिप्टने लिहिणे हे प्रत्यक्ष शिकवावे. लपवलेली सरकपट्टी कायम दिसावी अशी सोय प्रमुख प्रणालींच्या सेटिंग्जमध्ये आहे; ती दाखवायला पाच मिनिटे लागतात. तिसरी, जे विद्यार्थी उद्या मराठी संकेतस्थळे, कोश, ग्रंथसंग्रह उभारतील त्यांना आजच सांगावे की वाचक दोन प्रकारचे असतात, एक बोट घेऊन येणारा आणि एक मेजाशी बसलेला, आणि दोघांना एकच ताट वाढणे हा समभाव नव्हे, आळस आहे.

आणि चौथी गोष्ट भाषेच्या अभ्यासकांना शोभेल अशी. ‘सोपे’ हा शब्द कोणी वापरला की विचारावे, कोणासाठी, कोणत्या कामासाठी, आणि कितव्या दिवशी? पहिल्या दिवशी जे सोपे ते दहाव्या वर्षी सोपे असतेच असे नाही. बाराखडी पहिल्या दिवशी अवघड असते. ती तशी आहे म्हणून आपण कोणी चित्रलिपीकडे परत गेलो नाही. मुलांना बाराखडीच शिकवली, आणि त्यांनी पुढे तिच्यात ग्रंथ लिहिले.

आमच्या विरोधात बोलणाऱ्यांनी बोलावे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य असेल तेवढे आम्ही घेऊ. एवढेच करावे की ते उत्तर चार परिच्छेदांहून मोठे असेल, त्यात दोन संदर्भ ताडून पाहिलेले असतील, आणि ते बोटाने लिहिलेले असेल.